पाण्याची खूण

सांगलीच्या गावभागात आमच्या आत्याचा वाडा आहे. त्या वाड्याच्या जिन्याशी, तिसऱ्या पायरीच्या उंचीवर, भिंतीवर एक आडवी रेघ होती. शिक्षकांच्या लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकाने ओढलेली, आणि शेजारी वळणदार अक्षरात '२००५'. त्या वर्षी कृष्णेचे पाणी वाड्यात शिरले ते तिथवर आले आणि परत फिरले. पुढे चौदा वर्षे आम्ही सांगलीला जात असू तेव्हा ती रेघ आम्हांला दाखवली जाई; एखाद्या घरात पूर्वजाची तलवार दाखवतात तशी. "इथवर आलं होतं. मी माडीवर भाकरी करत होते," एवढे आत्याचे त्यावरचे भाष्य असे. आम्हीही ते कौतुकाने ऐकत असू. त्या रेघेने तिचा घात केला असता, हे आता तीसुद्धा मान्य करते. फक्त 'घात' हा शब्द तिला मोठा वाटतो.

'आम्ही' म्हणजे तिघे भावंडे. दोघे पुण्यात, एक मुंबईत. आत्या आमच्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, मूलबाळ नसलेली, आणि यजमान गेल्यावर वाड्यात एकटीच राहणारी. २०१९ साली ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. खाली दोन खोल्यांत एक भाडेकरू काकू राहात. त्या तिच्याहून पाच वर्षांनी मोठ्या आणि वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे दिवसा एक बाई कामाला येई, रात्री आत्याच लक्ष ठेवी. हा तपशील आम्हांला ठाऊक होता. ठाऊक असूनही ऑगस्टच्या त्या आठवड्यात आमच्यापैकी एकालाही तो आठवला नाही.

सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना प्रकृती विचारावी तसे आयर्विन पुलाजवळचे पाणी विचारतात. १९२९ साली बांधून झालेल्या या पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. घरात ताप आलेला असताना थर्मामीटरचा पारा बघावा तसे सगळे गाव तो आकडा बघत असते. २०१९च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो आकडा चाळिशी ओलांडून वर चढू लागला आणि आमचे फोन सुरू झाले. ते संभाषण आज आठवले की आम्हांला स्वतःचीच लाज वाटते. "आत्या, तू ताबडतोब नीघ." "२००५ला मी इथंच होते." "अगं पण या वेळचं निराळं आहे." "तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कुठं होता तेव्हा?" मग आमच्यापैकी एक आवाज चढवी, दुसरा त्याच्या हातून फोन घेऊन गोड बोले, आणि आत्या दोघांनाही सारख्याच शांतपणे 'बरं' म्हणून फोन ठेवी. आम्ही तिला आर्जवे करत होतो असा आमचा समज होता. वास्तविक आम्ही हुकूम सोडत होतो. तू का निघत नाहीस, असा साधा प्रश्न तीन दिवसांत तिघांपैकी एकानेही विचारला नाही. हट्ट, असे उत्तर आम्ही परस्पर देऊन टाकले होते.

तिची कारणे आम्हांला पुढे कित्येक महिन्यांनी कळली, तीही एकेक करून. पहिले कारण खालच्या काकू. त्यांना बाजेसकट कोण उचलणार, आणि त्यांना ठेवून हिने जायचे कसे? दुसरे कारण गुडघे. शाळेत किंवा मंगल कार्यालयात जाऊन जमिनीवर सतरंजीवर निजायचे, म्हणजे उठताना कुणाच्या तरी हाताला धरावे लागणार; आणि तिथले संडास भारतीय पद्धतीचे, तिथे ती बसली असती तर उठू शकली नसती. सबंध आयुष्य ताठ मानेने वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईने हे फोनवर भाच्यांना कसे सांगावे? तिसरे कारण, कपाटातली रोकड आणि पाटल्या. चौथे तिने हसत सांगितले: "तुमच्यापैकी कुणी 'आमच्याकडं ये' असं म्हटलंच नाही. 'नीघ' म्हणालात. कुठं, ते नाही म्हणालात."

हे मात्र खरे होते. पुण्याला आण, असे आम्ही एकमेकांशी बोललो होतो. तिच्याशी नाही.

सात तारखेच्या रात्री पाण्याने निळी रेघ ओलांडली. आत्या सांगते की तिने विजेरीच्या उजेडात ती रेघ बुडताना पाहिली, आणि तोपर्यंत तिला खरोखर भीती वाटली नव्हती. पाणी दारातून आलेच नाही, असेही ती सांगते. ते आधी मोरीच्या भोकातून वर आले, उलटे, गटाराचा वास घेऊन. शेजारच्या दोन पोरांनी काकूंची बाज संध्याकाळीच माडीवर चढवली होती. वीज गेलेली होती, आणि आठ तारखेच्या सकाळी आत्याचा फोनही बंद पडला. त्याच दिवशी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटून माणसे बुडाली. ती बातमी दूरचित्रवाणीवर दिवसभर दाखवत होते. गाव कोणते, बोट कुठली, हे सगळे कळत असूनही बोटीत चढणारी प्रत्येक पांढऱ्या केसांची बाई आम्हांला आत्याच वाटत होती. त्या रात्रीविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही. आयर्विन पुलाजवळचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले; २००५पेक्षा तीन फुटांहून अधिक. वाड्याचा खालचा मजला माणूसभर पाण्यात होता.

नऊ तारखेला माडीच्या सज्जातून आत्याला आणि काकूंना बोटीत उतरवले. उतरवणारी मुले अनोळखी होती. ती कोण, कुठली, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही. त्या मुलांविषयी कृतज्ञतेखेरीज मनात काही नाही. पण त्या पाच मिनिटांत जे घडले ते नोंदवले पाहिजे. आत्याच्या कानातले यंत्र पाण्यात पडले. चष्मा हातातल्या पिशवीत होता आणि पिशवी सज्जातच राहिली. कवळी रात्री वाटीत काढून ठेवलेली, ती वाटीतच राहिली. म्हणजे विश्रामबागेतल्या एका शाळेत आमची आत्या पोचली तेव्हा ती सुखरूप होती, असे कोणत्याही यादीत लिहिता आले असते. पण तिला नीट दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, आणि भाकरी चावता येत नव्हती. पहिल्या दुपारी ती उपाशी राहिली, कारण जेवणाची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली गेली आणि ही भिंतीशी बसून राहिली. वाढणारे स्वयंसेवक मनापासून राबत होते. आजींना भूक नसावी, असे त्यांना वाटले असणार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. रक्तदाबासाठी तिला जी गोळी होती ती लघवी जास्त करवणारी. स्वच्छतागृह व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर रांग, आणि उठायला हात हवा. तेव्हा तिने आपल्या बुद्धीने उपाय काढला: पाणी प्यायचे नाही. वय झालेल्या माणसाला तहान मुळातच कमी जाणवते, त्यात हे. आमच्यापैकी दोघे मिरजेच्या बाजूने अकरा तारखेला तिथे पोचलो तेव्हा ती आमच्याकडे बघून प्रसन्न हसली आणि आमच्यातल्या थोरल्याला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. डॉक्टरांनी सांगितले, शरीरातले पाणी कमी झाले आहे, जागा बदलली आहे, झोप नाही, औषधे चुकली आहेत. म्हाताऱ्या माणसाला असा भ्रम होतो, उतरेल. चार दिवसांनी उतरला. पण तिचे डोके गेले, असे मानून तेवढ्या चार दिवसांत आम्ही तिच्या उर्वरित आयुष्याविषयी बरेच निर्णय घेऊन टाकले होते, आणि भ्रम उतरला तरी ते निर्णय आम्ही मागे घेतले नाहीत.

इथे थोडे विषयांतर. मराठी साहित्यात म्हातारपणाच्या दुःखाला वाण नाही. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' त्याच दशकातले. पण आपल्या या प्रसिद्ध म्हाताऱ्यांवर येणारी आपत्ती म्हणजे त्यांची मुले: कृतघ्न तरी, नाही तर दूरदेशी. वृद्धत्व हा आपल्याकडे कौटुंबिक नाटकाचा विषय आहे. नदी, भूकंप, ऊन यांचा त्याच्याशी संबंध येत नाही. दुसऱ्या बाजूला विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'सारखी विस्थापनाची कादंबरी आहे, पण तिथे विस्थापित होतो तो गाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची विस्थापनाची रीत निराळी असू शकते, याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. त्यामुळे असेल, पुराच्या बातमीत 'बालके, गर्भवती स्त्रिया व वृद्ध' हा त्रिक एका दमात उच्चारला जातो आणि वृद्ध म्हणजे उचलून सुरक्षित जागी ठेवायचे एक ओझे, अशी आपली समजूत होते. आमचीही तीच होती. मुलांना खलनायक ठरवणाऱ्या नाटकांना आम्ही लहानपणापासून नाके मुरडत आलो. ती मुले दुष्ट होती म्हणून सोपे होते. आम्ही दुष्ट नव्हतो. आम्ही कार्यक्षम होतो.

पाणी उतरल्यावर आम्ही वाडा साफ केला. चार मजूर लावले, फावडी, घमेली, फिनेलचे कॅन, गमबूट असा सगळा सरंजाम नेला. चिखलाचा थर वीतभर होता आणि त्याला जो वास होता तो पुढे महिनाभर आमच्या कपड्यांना येत राहिला. दोन दिवसांत खालच्या चार खोल्या आणि चौक धुऊन काढला. फुगलेली कपाटे, गाद्या, धान्याच्या कोठ्या, मोडलेली फडताळे हे सारे रस्त्यावर ढिगात गेले. सगळ्या गल्लीचा ढीग एकच झाला होता आणि पालिकेचे डंपर तो उचलून नेत होते. जिन्याखाली एक पत्र्याची ट्रंक होती. उघडली तर आत चिखलात भिजलेल्या वह्यांचा लगदा. एका मजुराने विचारले, "हे ठेवायचं काय?" आमच्यापैकी एकाने 'नको' म्हटले. कोणी म्हटले ते आम्ही एकमेकांना पुन्हा कधी विचारलेले नाही. ट्रंक धुऊन ठेवली, कारण पत्रा चांगला होता.

आत्या पुण्यात होती. नवा चष्मा झाला, नवे श्रवणयंत्र झाले. कवळीला वेळ लागला. तिच्या नावावरच्या कटकटीही आम्हीच निस्तरत होतो. वाडा अजून आमच्या काकांच्या, म्हणजे तिच्या दिवंगत यजमानांच्याच नावावर असल्याने पंचनाम्यात तिचे नाव कशाच्या आधारे लावायचे, हा प्रश्न निघाला. एका बँकेत तिच्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येईनात; चाळीस वर्षे खडू आणि त्यानंतर वीस वर्षे भांडी, रेषा उरणार कुठून? तिथल्या तरुणाने "आजी, बोट नीट दाबा" असे पाच वेळा सांगितले, सहाव्या वेळी ती रडली. पुरातल्या कुठल्याही प्रसंगी रडली नव्हती.

ऑक्टोबरात एके दिवशी तिने सहज विचारले, "जिन्याखालची ट्रंक माडीवर नेली ना रे?"

त्या तिच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. लग्न होऊन त्या घरात आली त्या दिवसापासूनच्या; वर्षाला एक. दूध, मीठ, दळण, रिक्षा; आणि त्या ओळींच्या कडेने, जागा उरेल तिथे, त्या दिवशी कोण आले, काय बोलले, शाळेत काय झाले. 'रोजनिशी लिहायची म्हणजे भपका वाटतो, हिशेब लिहायला कुणाची हरकत नसते,' असे तिचे मत होते. आम्ही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला विचारायचंत. मी इथंच होते." तिचा तो स्वर रागाचा असता तर बरे झाले असते.

पुढे आम्हांला कळले की भिजलेला कागद म्हणजे गेलेला कागद नव्हे. चिखल हलक्या हाताने धुऊन, पानांच्या मधे टीपकागद किंवा कोरे कागद घालून, उन्हात नव्हे तर सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर सुकवला तर पुष्कळसा वाचतो. लगेच हात लावायला वेळ नसेल तर गोठवून ठेवला तरी बुरशी थांबते. शाई पसरली असती, काही वर्षे गेलीच असती. पण काही राहिली असती.

या प्रसंगानंतर आम्ही वाचू लागलो. अपराधी माणसे वाचतात तसे, हावरेपणाने. जपानमधील कोबेचा १७ जानेवारी १९९५चा भूकंप त्यात आम्हांला सर्वांत जवळचा वाटला. सहा हजार चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक साठीपुढची होती. जुन्या लाकडी घरांत, जड कौलारू छपरांखाली, तळमजल्यावर निजलेली. (आमच्यापैकी एकाने महाविद्यालयात असताना १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे काम केले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे, गणेशविसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे: त्याला कोबेचे वर्णन वाचताना काही नवीन वाटले नाही.) पण आम्हांला खिळवून ठेवले ते नंतरच्या घटनांनी. तात्पुरती घरे वाटताना तिथल्या प्रशासनाने अत्यंत सद्भावनेने वृद्धांना आणि अपंगांना अग्रक्रम दिला आणि सोडत काढली. परिणाम असा झाला की म्हातारी माणसे आपापल्या गल्लीतून उचलली जाऊन शहराबाहेरच्या वसाहतींमध्ये परक्यांच्या शेजारी एकेकटी जाऊन पडली. त्या तात्पुरत्या घरांत दोनशेहून अधिक माणसे एकटी, कुणाला न कळता मेली. पुढे २००४ साली निईगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी गावच्या लोकांना वाडीनिहाय एकत्र हलवले, शेजारी शेजाऱ्याजवळ राहील असे. शहाणपण यायला नऊ वर्षे आणि तेवढी माणसे लागली.

किल्लारीनंतर लातूर-धाराशिवकडची पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद, सरळ रस्ते, रांगेत घरे. आमचा भाऊ काही वर्षांनी पुन्हा तिकडे गेला तेव्हा एका नव्या गावातले तीन म्हातारे रोज सकाळी जुन्या गावठाणात चालत जाऊन पडक्या पाराशी बसतात आणि उन्हे चढली की परत येतात, असे त्याला सांगण्यात आले. तो त्यांना भेटला. भूत-बीत काही नाही, नव्या गावात बसायला जागा नाही, असे त्यांनी सांगितले. घरे होती, रस्ते होते, पण रस्ता इतका रुंद की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बसल्या जागेवरून बोलता येत नसे.

जपानी लोकांची आणखी एक रीत आम्हांला विचारात पाडून गेली. आपत्ती ओसरल्यावर, स्थलांतराच्या ताणाने, औषधावाचून, छावणीतल्या थंडीने जे मरतात त्यांची ते 'आपत्तीशी संबंधित मृत्यू' अशी स्वतंत्र, अधिकृत नोंद करतात. खालच्या काकूंना त्यांच्या मुलीने कराडला नेले होते. तिथे त्यांची उत्तम व्यवस्था होती. डिसेंबरात त्या गेल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या, वय झाले होते, असे सर्वांनी म्हटले. त्यांचे नाव २०१९च्या पुराच्या कोणत्याही यादीत नाही. आत्या मात्र म्हणते, "त्या पुरातच गेल्या. फक्त जरा हळू गेल्या."

आत्या जानेवारी २०२०मध्ये सांगलीला परतली. आम्ही विरोध केला. मग आमच्या लक्षात आले की आपण पुन्हा फोनवरचाच सूर लावतो आहोत, आणि गप्प बसलो. या वेळी आम्ही तिला विचारले: पाणी आले तर तू केव्हा निघशील? तिने क्षणभर विचार करून म्हटले, "अडतीस." चाळीस का नाही? "चाळीसला सगळं गाव रिक्षा शोधतं." कुठे जाशील? मिरजेला एका जुन्या विद्यार्थिनीचे घर तिने आधीच हेरून ठेवले होते: तळमजला, आणि कमोड. तिथे अडचण आली तर दुसरे घर कोणते, तेही. आम्ही पुण्यातून आराखडे घेऊन गेलो होतो, ते गुमान परत आणले.

पिशवीपुरती आमची मदत झाली. सात दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, श्रवणयंत्राचे जादा सेल, कवळीची नाव लिहिलेली डबी. जुन्या नंबरचा चष्मा टाकून द्यायचा नाही, तो त्या पिशवीत ठेवायचा, ही सूचना तिचीच. अंधूक दिसणे हे न दिसण्यापेक्षा बरे. फोन नंबर कागदावर, मोठ्या अक्षरात. सुट्या नोटा. लघवीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले की जागा बदलली तर काय करायचे. तोंडी नको, लिहून द्या, असा तिने आग्रह धरला. शिट्टी ठेवावी असे आमच्यातल्या धाकट्याने सुचवले, कारण बुडत्या घरातून हाक ऐकू जात नाही पण शिट्टी जाते. "पी.टी.च्या बाईंसारखी? मुळीच नाही." शिट्टी राहिली ती राहिलीच.

मग तिने आम्हांला न सांगता एक उद्योग केला. नव्या वहीत गल्लीतल्या सत्तरीपुढच्या, एकट्या किंवा जोडप्याने राहणाऱ्या माणसांची यादी केली. अकरा निघाली. प्रत्येकापुढे: कुणाला जिना उतरता येतो, कुणाला इन्सुलिन लागते, कुणाकडे मांजर आहे (मांजराखेरीज ते आजोबा निघणार नाहीत, सबब टोपली), आणि दार कुणी वाजवायचे. फ्रान्समध्ये २००३च्या ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसे मेली, बहुतेक वृद्ध, पुष्कळ एकटी, शेजारपाजार सुटीवर गेलेला. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांना अशा माणसांच्या नोंदवह्या ठेवण्याचे काम दिले गेले; ज्याला हवे त्याने नाव द्यायचे, आणि ऊन वाढले की कार्यालयातून फोन येतो. आम्ही हे आत्याला कौतुकाने सांगितले. "फोन ऐकू आला नाही तर?" तिने विचारले.

जुलै २०२१मध्ये, करोनाची दुसरी लाट पुरती ओसरलेली नसताना, कृष्णा पुन्हा चढली. चिपळूण, महाड, तळियेच्या बातम्यांत आम्ही बुडालेले असताना आत्याचा फोन आला. मिरजेच्या विद्यार्थिनीकडे घरातच रुग्ण निघाला होता, त्यामुळे ती दुसऱ्या घरी पोचली होती. अकरापैकी नऊजण वेळेत निघाले होते. एक आजोबा निघाले नाहीत. २०१९ला आपल्या घरी पाणी दाराच्या चौकटीपर्यंतच आले होते, त्यावर जात नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी त्यांच्यासाठी राहिल्या. दोघांना दोन दिवसांनी बोटीने काढले, सुखरूप. या वेळी वाड्यातले पाणी निळ्या रेघेच्या वर आणि २०१९च्या चिखलाच्या डागाच्या खाली थांबले.

आम्ही साफसफाईला गेलो तेव्हा आत्या चौकात खुर्ची टाकून बसली. प्रत्येक वस्तू तिच्यापुढे नेऊन विचारावी लागे. फुटकी बरणी, एक पायमोडका पाट, भिजलेले पंचांग. 'ठेव', 'टाक', 'थांब, बघू दे'. दोन दिवसांच्या कामाला सहा दिवस लागले. मजूर वैतागले, त्यांनी वाढीव मजुरी मागितली आणि तिने घासाघीस करून दिली. पाटाविषयी आमचा अजूनही मतभेद आहे.

संध्याकाळी तिने वही काढली आणि मागच्या आठवड्याचा राहिलेला हिशेब लिहायला घेतला. मिरजेपर्यंत वडाप, माणशी चाळीस रुपये. परतीला त्याच माणसाने साठ घेतले, हेही तिने कडेला लिहिले, आणि त्याचे नाव काय होते ते आम्हांला आठवते का, म्हणून विचारले.